मेयो परगणा : जमीन, बहिष्कार आणि ग्रंथपाल



आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, अटलांटिक महासागराच्या थेट माऱ्यात मेयो हा परगणा वसलेला आहे. विस्ताराने तो त्या देशात तिसरा. पूर्वेकडे चुनखडीच्या प्रदेशावरील बऱ्यापैकी सुपीक कुरणे, तर पश्चिमेकडे डोंगर आणि मैलोन्‌मैल पसरलेली काळी दलदल. अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे हे थर कापून, वाळवून तेथील लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटविल्या. उत्तर किनाऱ्यावर याच थरांखाली प्रागैतिहासिक शेतांचे दगडी बांध सापडले आहेत. निकस जमिनीचा तुकडा, त्यावर बटाटा आणि डोक्यावर खंड, एवढेच एकोणिसाव्या शतकातील तेथील कुळाचे जग होते. 1845 पासून बटाट्यावर रोग पडला आणि ते जग कोसळले. 1841 साली मेयोची लोकसंख्या 3 लाख 88 हजारांवर होती. 2022 च्या जनगणनेत ती 1 लाख 38 हजारांच्या आतच आहे. भूक आणि आगबोट यांनी रिकामा केलेला हा मुलूख अद्याप भरून आलेला नाही.

मायकेल डेव्हिट यांचा जन्म 1846 साली याच परगण्यात, स्ट्रेड गावी झाला. खंड थकल्यामुळे 1850 साली त्यांचे कुटुंब घराबाहेर काढले गेले व इंग्लंडमध्ये लँकेशायरला गेले. तेथे अकरा वर्षांच्या या मुलाचा उजवा हात कापडगिरणीच्या यंत्राने नेला. जमीनदाराने घर घेतले आणि गिरणीने हात! शेतकरी आणि कामगार यांचे प्रश्न एकच आहेत हे समजण्यासाठी डेव्हिट यांना ग्रंथ वाचावे लागले नाहीत. 1879 च्या एप्रिलमध्ये आयरिशटाऊन येथे कुळांची प्रचंड सभा भरली; ऑगस्टमध्ये कॅसलबार येथे मेयोची लँड लीग स्थापन झाली आणि ऑक्टोबरमध्ये पार्नेल यांच्या अध्यक्षतेखाली ती साऱ्या आयर्लंडची झाली.

पुढच्याच वर्षी लॉर्ड अर्न यांच्या कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली. देऊ केली गेली दहा टक्के. लॉर्डचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याने कुळांवर निष्कासनाच्या नोटिसा काढल्या. तेव्हा मजुरांनी त्याचे शेत सोडले, दुकानदारांनी माल नाकारला, पत्रे पोचविणाराही मिळेना. उत्तरेकडून पन्नास स्वयंसेवक पीक काढण्यास आले आणि त्यांच्या रक्षणासाठी शेकडो सैनिक. काही शे पौंडांच्या पिकापायी सुमारे दहा हजार पौंड खर्ची पडले! कॅप्टनने आयर्लंड सोडले. त्याचे आडनाव मात्र जगाच्या भाषांत राहिले. 1905 च्या वंगभंगानंतर लोकमान्यांनी महाराष्ट्रात ज्या चतुःसूत्रीचा पुरस्कार केला, तीत बहिष्कार होताच.

डेव्हिट यांना जमिनीचे राष्ट्रीयीकरण हवे होते. चळवळीने ते नाकारले. 1903 च्या कायद्याने कुळे कर्ज काढून मालक बनली. मालक झालेल्या शेतकऱ्याला शेजारच्या भूमिहीनाचा विसर पडावा, यात आश्चर्य ते कसले?

1898 च्या कायद्याने परगण्यांना निर्वाचित मंडळे मिळाली आणि जमीनदारांच्या हातची स्थानिक सत्ता गेली. पण त्याच लोकनियुक्त मंडळाच्या इतिहासात 1930 सालचे एक पान आहे. लेटिशिया डनबार-हॅरिसन यांची परगण्याच्या ग्रंथपालपदी रीतसर निवड झाली. ग्रंथालय समितीने त्यांना नाकारले. त्यांना आयरिश भाषा पुरेशी येत नाही, हे कारण सांगण्यात आले. खरे दुखणे त्या प्रॉटेस्टंट आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पदवीधर आहेत, हे होते. परगणा मंडळाने समितीची पाठराखण केली, तेव्हा सरकारने मंडळच बरखास्त करून प्रशासक नेमला. मग ग्रंथालयावर बहिष्कार पडला; अनेक वाचनकेंद्रे बंद झाली. विरोधी पक्षनेते डी व्हॅलेरा यांनीही नेमणुकीविरुद्धच कौल दिला. अखेर त्यांची डब्लिनमधील सरकारी ग्रंथालयात बदली करून सरकारने माघार घेतली.

कॅप्टन बॉयकॉटमागे लॉर्ड होता, पोलीस होते, फौज होती. या बाईंच्या मागे कोण होते? शस्त्र तेच, परंतु ते दुर्बलांच्या हातून बहुसंख्याकांच्या हाती गेले होते. महाराष्ट्राला या फरकाची फोड करून सांगण्याची गरज नाही. येथे जातपंचायतीचा बहिष्कार लोकमान्यांच्या बहिष्कारापूर्वी कित्येक शतके चालत होता. 1927 साली बाबासाहेबांनी पत्र काढले त्याचे नाव 'बहिष्कृत भारत'. आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावयास या राज्याला 2016 साल उजाडावे लागले.

आज मेयोच्या परगणा मंडळात तीस निर्वाचित सदस्य आहेत. दैनंदिन कारभार मात्र नियुक्त मुख्याधिकाऱ्याच्या हाती आहे. कॅसलबार, वेस्टपोर्ट आणि बॅलिना या शहरांच्या नगरपरिषदा 2014 साली, काटकसर आणि सुधारणा या नावांखाली, रद्द करण्यात आल्या. ज्या कॅसलबारमध्ये कुळांची लीग जन्मली, त्या शहराला आता स्वतःची नगरपरिषद नाही.