कोंबाचा ओळंबा



अध्यक्षाने विषयाचा चौफेर आढावा घ्यावा अशी रीत आहे. ती मोडून मी एकाच प्रश्नापाशी थांबणार आहे. वादळी पावसात लोळलेली ज्वारी पेऱ्यांपाशी वाकून पुन्हा उठू पाहते, तेव्हा वरची दिशा तिला कळते कशी? वर्गात आपण सांगतो की आडव्या खोडाच्या खालच्या बाजूला ऑक्झिन जास्त जमते, तिकडच्या पेशी अधिक लांबतात आणि खोड वर वळते. हे खरेच आहे, पण त्यातून वळणे समजते. दिशेची जाणीव कशी होते, हे कोडे तसेच राहते. शिवाय हे सांगताना पेशी जणू वजन तोलते असे आपण नकळत गृहीत धरतो. माझ्या मते पेशी वाचते तो कल. तिचे काम तागडीपेक्षा गवंड्याच्या ओळंब्याशी अधिक जुळते.

1806 मध्ये टॉमस नाइट यांनी पाण्याच्या धारेवर फिरणाऱ्या चाकावर बिया रुजवल्या. मुळे परिघाबाहेर गेली, कोंब केंद्राकडे वळले. रोप बळाची दिशा ओळखते, हे तेव्हाच सिद्ध झाले. पुढे 1900 मध्ये हाबरलांट आणि न्येमेत्स या दोघांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, एकच कल्पना मांडली : स्टार्चने जड झालेली लवके पेशीच्या तळाशी बसतात आणि तीच दिशेची खूण ठरते. अशा पेशी मुळाच्या टोपीच्या मध्यभागी असतात, खोडात अंतस्त्वचेच्या थरात. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी विद्युत-शलाका खोडात हळूहळू आत सरकवत हा संवेदनशील थर शोधला होता. पाठ्यपुस्तकांनी त्यांचे हे काम लाजाळूच्या सावलीत का ठेवले, कोण जाणे. निर्णायक पुरावा मिळाला तो 1998 मध्ये. अंतस्त्वचाच न बनणाऱ्या अ‍ॅराबिडॉप्सिसच्या उत्परिवर्ती रोपांची खोडे गुरुत्वाला दाद देत नव्हती, प्रकाशाकडे मात्र व्यवस्थित वळत होती. म्हणजे वळण्याची यंत्रणा शाबूत होती, हरवली होती ती दिशेची जाणीव.

यावर एक रास्त आक्षेप आहे. स्टार्च बनवू न शकणारी रोपेसुद्धा वळतात. मग स्टार्चचे महत्त्व काय उरले? ती वळतात, पण मंदपणे. स्टार्चविना लवके हलकी होतात, तळाला नीट बसत नाहीत आणि खूण पुसट होते. वजनाची गरज तेवढ्यापुरतीच आहे. दुसरा आक्षेप अधिक भक्कम वाटतो. प्रतिसाद कलाच्या ज्याफलनाच्या प्रमाणात वाढतो, हा झाक्स यांच्या काळापासूनचा नियम. वजनाचा आडवा घटकही त्याच प्रमाणात वाढतो, तेव्हा पेशी वजनच मोजत असली पाहिजे, असे कोणीही म्हणेल. कल आणि बळ एकत्र बदलत राहिले तोवर हा गुंता सुटणार नव्हता. 2016 मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी फिरत्या मंचावर गव्हाच्या कोवळ्या कोंबांचा कल तोच ठेवून बळ कमी-जास्त केले. वळण्याचा प्रतिसाद बदलला नाही. ज्याफलनाचा नियम टिकला, त्यामागचा वजनाचा अर्थ गळून पडला. वाळूचा ढीग थोडा कलला तरी घसरत नाही, मग लवके अल्प कल कसा दाखवतील, ही शंकाही 2018 मध्ये मिटली : पेशीतील अखंड हालचालीमुळे लवके सतत ढवळली जातात आणि द्रवासारखी वाहून नवी पातळी धरतात.

2023 च्या संशोधनाने हे चित्र रेणूंच्या पातळीवर नेले. लवकांच्या पृष्ठभागावरील ‘लेझी’ प्रथिने, लवके जिथे टेकतात तिथल्या पेशीपटलावर जाऊन बसतात, आणि त्या बाजूने ऑक्झिन बाहेर नेण्याची व्यवस्था होते. लवके किती जोराने टेकली यापेक्षा कुठे टेकली याला इथे महत्त्व आहे, आणि ते गव्हाच्या प्रयोगाशी जुळते.

तरीही केवळ कल वाचून खोड सरळ होणार नाही. तेवढ्यावर चालले असते तर ते उभ्या रेषेच्या अल्याड-पल्याड झोके घेत राहिले असते. 2013 मध्ये मांडलेल्या गणिती प्रतिमानानुसार रोप स्वतःचा बाकही ओळखते आणि तो कमी करत जाते. म्हणून माझी विनंती एवढीच : कुंडी आडवी ठेवण्याच्या प्रात्यक्षिकात ‘खोड वर वळले’ या एका ओळीवर पूर्ण गुण देऊ नका. विद्यार्थ्यांना दर तासाला टोकाचा आणि बुडाचा कोन वेगवेगळा मोजायला लावा, आणि टोक आधी सरळ का होते, हे त्यांनाच विचारा.