मैदान कुणी सोडायचं?

(गडचिरोलीतल्या तरुण-तरुणींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय ऐकून एका कार्यकर्त्यानं मला विचारलं, "कोच दोन शिव्या देतो, त्यावर काय भाषण करायचं?" प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे बहुतेकांना हेच वाटतं, म्हणून भाषण करायचं.

इथं बसलेल्यांपैकी बरेच जण पहाटे पाचला मैदानावर असतात. कुणी कबड्डीला, कुणी व्हॉलीबॉलला, आणि सगळ्यात जास्त पोलीस भरतीच्या तयारीला. मुलांचे सोळाशे मीटर, मुलींचे आठशे, शंभर मीटर, गोळाफेक. गडचिरोली-चंद्रपुरात मैदान हा फावल्या वेळेचा छंद नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. ज्या घरात शेती पावसावर आणि बाप मजुरीवर, तिथं खेळाच्या प्रमाणपत्राचा एक कागद म्हणजे भविष्य असतं.

आणि तो कागद कुणाच्या हातात असतो? सरांच्या. संघात कोण, राखीव कोण, प्रवेशिकेवर कुणाचं नाव, प्रवासभत्ता कुणाला, सही आज होणार की पुढच्या महिन्यात, सगळं सर ठरवतात. नागपूर-पुण्यात एक कोच पटला नाही तर पोरं दुसऱ्या क्लबात जातात. सिरोंच्यात, भामरागडात, कोरचीत दुसरा कोच आणायचा कुठून? म्हणून इथं सरांनी कानाखाली मारली तरी पोरगं दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पुन्हा हजर असतं. सर त्याला निष्ठा समजतात.

आधी एक गोष्ट साफ करू. कठोर सराव म्हणजे छळ नाही. दहा फेऱ्या मारायला लावणं, दांडी मारली म्हणून सामन्यातून बसवणं, तोंडावर "तुझा स्टार्ट खराब आहे" सांगणं, हे कोचचं काम आहे. मारणं वेगळं. मुलीच्या अंगावर, कुणाच्या रंगावर, जातीवर, धर्मावर बोलणं वेगळं. दुखापत झालेल्याला खेळवणं, पाणी न देणं, रोजा असलेल्या पोराची "आज तुझी बॅटरी डाऊन" म्हणून सगळ्यांसमोर टर उडवणं वेगळं. रात्री अकराला मेसेज, मालिशच्या नावाखाली हात, "स्पर्धेला एकटीच ये", प्रमाणपत्र अडवून ठेवणं, हे तर सरळच वेगळं.

काही जण सोपी कसोटी सांगतात: हे आईबापासमोर केलं असतं का? मला ती आपल्या घरांसाठी पुरेशी वाटत नाही. कारण आपल्याकडे पोराला उस्तादकडे सोडताना बाप स्वतःच म्हणायचा, "हड्डी हमारी, चमडी आपकी." परवानगी घरातूनच गेलेली असते. म्हणून मी वेगळं विचारतो. त्या गोष्टीनं खेळ वाढला, की फक्त भीती वाढली?

आता संस्था काय करतात ते पाहू. अमेरिकेतलं उदाहरण घेतो, कारण तिथं सगळं कॅमेऱ्यावर आहे. न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात माइक राइस नावाचे बास्केटबॉलचे कोच होते. सरावात खेळाडूंच्या अंगावर चेंडू फेकून मारायचे, ढकलायचे, घाणेरड्या शिव्या द्यायचे. त्याचा व्हिडिओ २०१२ च्या अखेरीस विद्यापीठाच्या क्रीडाप्रमुखांपर्यंत पोचला. त्यांनी तो पाहिला आणि कोचला ३ सामन्यांसाठी निलंबित केलं, वर दंड केला. प्रकरण मिटलं. एप्रिल २०१३ मध्ये तोच व्हिडिओ ईएसपीएन या वाहिनीनं दाखवला आणि दुसऱ्याच दिवशी कोचला काढलं. क्रीडाप्रमुखांनाही जावं लागलं. आता सांगा, त्या चार महिन्यांत व्हिडिओतलं काय बदललं? काहीच नाही. फक्त बघणारे वाढले. संस्था किती वेळा खेळाडूच्या दुखण्यावर हलते आणि किती वेळा बदनामीच्या भीतीनं, याचा एवढा स्वच्छ नमुना मला दुसरा माहीत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या उन्हाशी जोडलेलं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. मेरीलँड विद्यापीठातला जॉर्डन मॅकनेअर, वय १९, अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू. २९ मे २०१८ ला सरावात धावता धावता त्याला उष्माघात झाला. अशा वेळी पहिलं काम म्हणजे शरीर ताबडतोब गार करणं, बर्फाच्या पाण्यात बसवणं. ते झालं नाही. रुग्णवाहिका बोलवायलाही तासाहून जास्त वेळ गेला. १३ जूनला तो वारला. मग पत्रकारांनी खोदलं तेव्हा त्या संघात अपमान आणि दहशत हीच शिकवण्याची रीत होती, असं खेळाडूंनी सांगितलं. विद्यापीठाच्या नियामक मंडळानं ३० ऑक्टोबरला काय ठरवलं? कोच राहू दे. विद्यार्थी, पालक, राजकारणी भडकले, तेव्हा ३१ तारखेला अध्यक्षांनी त्यांना काढलं.

चंद्रपूरचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला मी सांगायची गरज नाही. तरी आपल्या मैदानांवर "पाणी पिलं की पोट जड होतं", "चक्कर येते म्हणजे नाटक करतो" हे अजून ऐकू येतं. त्या वेळी "सर, तो पडला, आधी त्याला गार करा" असं म्हणण्याची हिंमत संघातल्या एकात तरी असली पाहिजे. दहशतीच्या संघात ती नसते. शिव्यांचा आणि जीव जाण्याचा संबंध मला इथं दिसतो.

आता आपल्या देशातलं. रुचिका गिरहोत्रा, १४ वर्षांची टेनिस खेळाडू, हरियाणातलं पंचकुला. ऑगस्ट १९९० मध्ये तिच्याशी गैरवर्तन झालं. करणारा साधा कोच नव्हता. राज्य टेनिस संघटनेचा अध्यक्ष आणि पोलीस महानिरीक्षक एस. पी. एस. राठोड. पोलिसांच्याच वरिष्ठ अधिकाऱ्यानं चौकशी करून गुन्हा दाखल करा असं सुचवलं. गुन्हा दाखल झाला नाही. पण सप्टेंबरमध्ये तिच्या शाळेनं मात्र तिचं नाव पटावरून काढलं. कारण कागदावर: फी भरली नाही. तिच्या भावावर चोरीच्या केसेस पडल्या. डिसेंबर १९९३ मध्ये रुचिकानं विष घेतलं. राठोडांना शिक्षा झाली २००९ साली, सहा महिने. पुढच्या वर्षी ती दीड वर्षाची केली गेली, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोष कायम ठेवून भोगलेली शिक्षा पुरेशी मानली.

मी या गोष्टीतल्या शाळेवर बोट ठेवतो. राठोडांबद्दल सगळा देश बोलला, शाळेबद्दल फार कमी. १४ वर्षांच्या मुलीनं तक्रार केली आणि सगळ्यात आधी तिचंच बाक रिकामं झालं. टेनिस गेलं, शाळा गेली, घराबाहेर पडणं गेलं. राठोड नोकरीत राहिले, बढती घेऊन पोलीस महासंचालक झाले. खटला अखेरपर्यंत नेला तो तिच्या मैत्रिणीनं, जी त्या दिवशी साक्षीदार होती, आणि त्या मैत्रिणीच्या आईवडिलांनी.

आणि लांब कशाला जायचं, आपल्या राजुऱ्याचं २०१९ चं प्रकरण आहे. खासगी शाळेच्या वसतिगृहातल्या लहान आदिवासी मुली आजारी पडून दवाखान्यात पोचल्या, तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं. तोवर त्या छताखाली कुणालाच काही दिसलं नव्हतं म्हणे. नंतर भरपाईच्या पैशासाठी तक्रारी होतात, अशी भाषा नेतेमंडळींच्या तोंडून जाहीरपणे निघाली. ते क्रीडा प्रकरण नव्हतं, पण वागण्याची रीत तीच. आधी दिसत नाही, मग दिसलं तर बोलणाऱ्याच्या हेतूवर शंका.

आता आपल्या घरात येतो, कारण कॉलेजला नावं ठेवणं सोपं आहे. आपली मुलगी मैदानावर जाते तीच किती वाटाघाटी करून. ट्रॅकपँट घालेन, ओढणी पिनने लावेन, मगरीबच्या आधी घरी येईन, भाऊ सोडायला येईल. एवढं करून मिळालेली परवानगी असते ती. तिच्याशी सरांनी काही वेडंवाकडं केलं तर ती अम्मीला सांगेल? तिला पक्कं ठाऊक आहे, सांगितलं की निकाल काय लागणार. "उद्यापासून जायचं नाही." सर तिथंच राहतील, ती घरी बसेल, आणि तिच्या मागच्या दोन बहिणींचाही रस्ता बंद होईल. म्हणजे आपण प्रेमानं तेच करतो जे त्या शाळेनं फीचं कारण दाखवून केलं. असा कोच हे ओळखून असतो. कोणत्या घरची मुलगी बोलणार नाही, याचा त्याचा अंदाज क्वचितच चुकतो.

मुलांचं दुखणं वेगळं. मुलगा सांगतच नाही. सांगितलं तर "मर्द आहेस ना" म्हणून हसणं होतं. पोक्सो कायदा १८ वर्षांखालच्या मुलग्यांनाही तितकाच लागू आहे, हे किती अब्बूंना माहीत आहे?

आणखी एक कडू गोष्ट बोलतो, नाराज होऊ नका. कोच आपल्यातला असेल तर "कौमची बदनामी नको", आणि दुसऱ्या समाजाचा असेल तर लगेच मोर्चा. दोन्हीत मुलीचं काय झालं हे कुणी विचारत नाही. समाजाच्या नावावर आरोप कसा चिकटवता येतो, हे वसीम जाफरच्या वेळी आपण पाहिलं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यानं उत्तराखंड क्रिकेट संघाचं प्रशिक्षकपद सोडलं आणि लगेच तो मुस्लिम खेळाडूंना झुकतं माप देतो अशी कुजबुज वर्तमानपत्रांत आली. त्यानं प्रत्येक मुद्द्याला जाहीर उत्तर दिलं, अनिल कुंबळे त्याच्या बाजूनं बोलले. म्हणून मी म्हणतो, लेखी तक्रार आणि रीतसर चौकशी हे खेळाडूला हवं तेवढंच कोचलाही हवं. कुजबुजीनं दोघांचंही नुकसान होतं.

तर करायचं काय? इथं जरा कायदा ऐका, कंटाळा आला तरी.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कामाच्या ठिकाणा'च्या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल, स्पर्धेची जागा हे सगळं नाव घेऊन लिहिलेलं आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं अंतर्गत समिती हवीच. भरतीची खासगी अकॅडमी दोन माणसांची असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. कॉलेजांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम आहेत. त्यातली एक तरतूद लिहून घ्या: चौकशी चालू असताना, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदाराचं मूल्यमापन करण्यापासून रोखता येतं. मैदानाच्या भाषेत सांगायचं तर त्या काळात तुमची निवडचाचणी दुसऱ्या कुणी घ्यावी असा अर्ज करा. मुलीनं मैदान सोडायचं नाही, सरांनी त्या चाचणीपासून लांब राहायचं. मागितल्याशिवाय हे कुणी देत नाही, म्हणून अर्जात वेगळं लिहा.

मुलगी किंवा मुलगा १८ च्या आतला असेल तर मात्र समितीत मिटवण्याचा अधिकार प्राचार्यांना नाहीच. पोक्सोखाली लैंगिक गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थाप्रमुखानं हाताखालच्या माणसाबद्दल लपवलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बदलापूरच्या शाळेचं २०२४ चं प्रकरण आठवा. तिथं संस्थाचालकांवरही याच कारणानं गुन्हा दाखल झाला. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

मारहाण, शिव्या, प्रमाणपत्र अडवणं यासाठी कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल. आपलं गोंडवाना विद्यापीठ इथंच गडचिरोलीत आहे, लांब नाही. अर्ज द्या, पोच घ्या, पोच दिली नाही तर पोस्टानं रजिस्टर करा. तारीख, वेळ, जागा, कोण कोण हजर होतं, हे त्याच रात्री वहीत लिहून ठेवा. मेसेज पुसू नका. आणि एकटं जाऊ नका.

निखत झरीन तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, सीमेपलीकडच्या निजामाबादची. २०१९ मध्ये मेरी कोमला चाचणीशिवाय पाठवण्याची चर्चा होती, तेव्हा तिनं क्रीडामंत्र्यांना जाहीर पत्र लिहून मागितलं फक्त एवढंच, चाचणी घ्या. खूप टीका झाली, उद्धट ठरवलं गेलं. चाचणी झाली, ती हरली. २०२२ मध्ये इस्तंबूलला विश्वविजेती झाली, २०२३ मध्ये दिल्लीत पुन्हा. तिच्याशी छळ झाला असं मी म्हणत नाही. पण रीतसर नियम मागणं म्हणजे बेअदबी, हे जे आपल्या डोक्यात बसलंय ना, त्यासाठी ती आठवली.

इथं समोर काही क्रीडाशिक्षकही बसले आहेत. सर, तुमच्या कॉलेजात समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर लिहिलेला फलक बहुतेक ऑफिसाजवळ असेल. तो मैदानाच्या दाराशी, मुलींच्या चेंजिंग रूमच्या भिंतीवर लावता येईल का? खर्च काही नाही.

आता प्रश्न. माइकवर बोलायला नको वाटत असेल तर दाराजवळ डबा ठेवलाय, चिठ्ठी टाका. नाव लिहायची गरज नाही. आधी मुलींच्या चिठ्ठ्या घेऊ, त्यांना मगरीबच्या आधी घरी पोचायचंय.