रिकामा रकाना आणि नसलेला रकाना

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना कोडच्या ओळी दिसत नाहीत, म्हणून त्या इथे सुट्या मांडल्या आहेत. टॅगची नावं मुद्दाम मराठीत ठेवलीत; एक्सएमएलच्या नियमांत देवनागरी नावं चालतात.)

करकंबहून बोलतेय. पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावरचं आमचं गाव, त्यामुळे मागे एखादा ट्रॅक्टर ऐकू आला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे. एक्सएमएल फाइलमधून माहिती काढताना एखादा घटक नसेल, किंवा असून रिकामा असेल, तर क्वेरी काय करते? कोरडा आहे, पण याच ठिकाणी यादीतून माणसं गळतात. खरीखुरी माणसं. एरर येत नाही, लाल अक्षरं येत नाहीत, यादी छान छापून येते, फक्त त्यात काही जण नसतात. मी गावात बसून असल्याच याद्या जुळवायचं काम करते, म्हणून यावर बोलावंसं वाटलं.

आधी एक्सएमएल म्हणजे काय, थोडक्यात. माहितीच्या प्रत्येक तुकड्याला नावाची चिठ्ठी लावून ठेवायची पद्धत. टोकदार कंसात नाव, मग मजकूर, मग तिरकी रेघ देऊन तेच नाव बंद. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने 10 फेब्रुवारी 1998 ला याचं प्रमाण जाहीर केलं. जुनं वाटेल, पण टॅलीतून डेटा बाहेर काढा, एक्सएमएल मिळतं. तुमच्या फोनमधली वर्डची डॉक्सएक्स फाइल म्हणजे झिप करून बांधलेल्या एक्सएमएल फाइलीच. आणि आधारची ऑफलाइन ई-केवायसी, तीही एक्सएमएल. तिच्याकडे नंतर येते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा गावात ठिबक कुणाकडे आहे याची माहिती गोळा केली. चार शेतकरी:

<शेतकरी क्र="1"><ठिबक>होय</ठिबक></शेतकरी>
<शेतकरी क्र="2"><ठिबक>नाही</ठिबक></शेतकरी>
<शेतकरी क्र="3"><ठिबक/></शेतकरी>
<शेतकरी क्र="4"></शेतकरी>

पहिला होय म्हणाला, दुसरा नाही म्हणाला. तिसऱ्याचा रकाना आहे, पण आत काही लिहिलेलं नाही. चौथ्याच्या फॉर्मवर तो रकानाच नाही, कदाचित त्याचा फॉर्म जुन्या नमुन्याचा होता. तिसरा आणि चौथा आपल्याला सारखेच वाटतात. "माहिती नाही" असं म्हणून आपण मोकळे होतो. कॉम्प्युटरला मात्र ते दोघं वेगळे आहेत.

आता क्वेरी लिहू. ठिबक असलेले शेतकरी द्या:

शेतकरी[ठिबक = 'होय']

पहिला आला. बरोबर. आता ठिबक नसलेले द्या. सहज हात जातो तो इकडे:

शेतकरी[ठिबक != 'होय']

दुसरा आला, तिसराही आला. चौथा? चौथा आला नाही. तो "होय"च्या यादीत नाही आणि "होय नाही"च्या यादीतही नाही. चारातले तीनच हिशेबात आले.

असं का होतं? एक्सपाथ आणि एक्सक्वेरी या भाषांत = या चिन्हाचा अर्थ आहे, "असा एक तरी सापडतो का?" आणि != चा अर्थ, "यापेक्षा वेगळा असा एक तरी सापडतो का?" चौथ्याकडे रकानाच नाही, मग सापडणार काय? दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच, "नाही सापडत". कॉम्प्युटर खोटं बोलत नाहीये, आपण विचारलंच तसं.

उपाय सोपा आहे. नकार आत न ठेवता बाहेर काढायचा:

शेतकरी[नॉट(ठिबक = 'होय')]

आता अर्थ होतो, "होय म्हणणारे सोडून बाकी सगळे". दुसरा, तिसरा, चौथा, तिघंही येतात. (हे फंक्शन कोडमध्ये इंग्रजी स्पेलिंगनेच लिहायचं, बरं का. इथे फक्त उच्चार दिलाय.)

पण थांबा, इथे दुसरा खड्डा आहे. तिसरा शेतकरी "नाही" असं कुठे म्हणाला? तो काहीच म्हणाला नाही. त्याला "ठिबक नाही" या यादीत बसवणं हेही चूकच. म्हणून याद्या दोन नाही, तीन करायच्या: होय, नाही, आणि विचारायचे राहिलेले.

ही तिसरी यादी काढताना बरेच जण एम्प्टी हे फंक्शन वापरतात. नावावरून वाटतं, रिकामं आहे का ते बघेल. तसं नाही. ते विचारतं, "शोधायला गेलो तर हातात काहीच आलं नाही का?" तिसऱ्याच्या बाबतीत हातात रिकामा डबा येतो. डबा आला ना? मग एम्प्टीचं उत्तर "नाही". चौथ्याच्या बाबतीत डबाच नाही, तिथे उत्तर "होय". म्हणजे एम्प्टी डबा आहे की नाही ते बघतं, डब्यात डाळ आहे का ते बघत नाही.

दोघांना एकत्र पकडायचं तर नॉर्मलाइज-स्पेस वापरा. ते फंक्शन मजकुराच्या आजूबाजूच्या मोकळ्या जागा काढून टाकतं, आणि घटक नसेल तर रिकामा मजकूर देतं. उत्तर रिकामं आलं, की समजायचं इथे माहिती नाही. कुणी चुकून नुसता स्पेसबार दाबून ठेवला असेल तर तोही यात सापडतो.

आता तारखांकडे. आपल्याकडे आजी-आजोबांच्या पिढीत 1 जूनला किती वाढदिवस असतात, पाहिलंय? शाळेत नाव घालायला गेल्यावर जन्मतारीख विचारली, घरच्यांना माहीत नाही, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजींनी 1 जून लिहून टाकलं. रिकामा रकाना कुणीतरी आपल्या सोयीने भरला, आणि ती तारीख माणसाला आयुष्यभर चिकटली.

डेटाबेसही हेच करतो, फक्त त्याची तारीख वेगळी. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये एक्सएमएलमधून जन्मतारीख काढली आणि तो घटकच नसेल, तर नल मिळतं. म्हणजे "माहीत नाही". ठीक आहे. पण घटक आहे आणि रिकामा आहे, तर त्या रिकाम्या मजकुराची तारीख बनवली जाते, आणि ती निघते 1 जानेवारी 1900. शाळेत जाणारी मुलगी एका फटक्यात सव्वाशे वर्षांची. मग वयाप्रमाणे यादी लावली की ती ज्येष्ठ नागरिकांत जाते आणि शाळेच्या यादीतून गायब.

आकड्यांचंही तसंच. रिकाम्या घटकाचा पूर्णांक केला की तिथे 0 येतो. समजा तीन जणांचा एकरी ऊस विचारला. एकाने 40 टन सांगितला, दुसऱ्याने 50, तिसऱ्याचा रकाना रिकामा. खरी सरासरी 45. रिकाम्याचा 0 धरला तर 30. त्या 30 वर कुणी ठरवलं की या गावात ऊस पिकत नाही, तर?

यावर उपाय म्हणजे घटक न मागता त्याच्या आतला मजकूर मागायचा. एक्सपाथमध्ये त्यासाठी टेक्स्ट आणि पुढे रिकामे कंस असं लिहितात:

(जन्मतारीख/टेक्स्ट())[1]

रिकाम्या घटकात मजकुराचा तुकडाच नसतो. त्यामुळे तो नसलेल्यासारखा वागतो आणि नल मिळतं. एवढ्या एका शब्दाने 1900 सालची सगळी माणसं परत आपल्या वयात येतात.

तिसरा खड्डा सगळ्यात वाईट. समजा प्रत्येक सभासदाच्या खाली त्याच्या जमिनीचे गट नंबर आहेत. आपण म्हणतो, प्रत्येक सभासद आणि त्याचा प्रत्येक गट अशा ओळी करा. ज्याचे तीन गट, त्याच्या तीन ओळी. एक गट, एक ओळ. आणि ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याच्या शून्य ओळी. भूमिहीन माणूस यादीतूनच गेला. आपल्याला त्याचं नाव हवं होतं, गट नव्हे, तरीही गेला.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्रॉस अप्लायने हे होतं. तिथे आउटर अप्लाय लिहा, माणूस राहतो, गटाच्या जागी नल येतं. एक्सक्वेरीच्या 3.0 आवृत्तीपासून फॉरच्या ओळीत अलाउइंग एम्प्टी लिहायची सोय आहे, ती याचसाठी.

आता आधारकडे. देशातलं पहिलं आधार आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, 29 सप्टेंबर 2010 ला. ऑफलाइन ई-केवायसीच्या एक्सएमएलमध्ये पत्त्याचे वेगवेगळे रकाने आहेत: घर, रस्ता, खूण, वाडी-वसाहत, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, राज्य, पिनकोड. आता आमच्याकडे वस्तीवर राहणाऱ्या माणसाला विचारा, तुझ्या घराचा नंबर काय, रस्ता कोणता? तो म्हणेल, अमक्याची वस्ती, कॅनॉलच्या पलीकडं. त्याच्या फाइलमध्ये घर आणि रस्ता रिकामे असले तर ती चूक नाही, तेच खरं उत्तर आहे. शहरातल्या सोसायटीचा विचार करून बनवलेला फॉर्म मात्र "घर क्रमांक आवश्यक" म्हणून अडून बसतो. मग माणूस काय करतो? टिंब देतो, 0 टाकतो, एनए लिहितो. आणि खरा रिकामा रकाना खोट्या माहितीने भरतो.

त्या आधारच्या फाइलमध्ये एक चांगली गोष्ट आहे. तिच्यावर डिजिटल सही असते. कुणी मधेच रिकाम्या घर क्रमांकात काही भरलं, तर सही जुळत नाही, फाइल बाद होते. मला वाटतं, हाच नियम आपण आपल्या सगळ्या कामात मनाने पाळावा. रिकामी जागा आपल्या सोयीने भरायची नाही. "माहीत नाही" हे सांगायचंच असेल तर त्याचीही रीत आहे. एक्सएमएल स्कीमात निल नावाची खूण आहे, तिचा अर्थच असा की रकाना आहे, पण किंमत मुद्दाम दिलेली नाही.

मंडळी, लक्षात घ्या, कुणाचे रकाने जास्त रिकामे असतात? जन्मदाखला नसलेल्या म्हातारीचे. मोबाइल नसलेल्याचे. जमीन नसलेल्याचे. ऊसतोडीला सहा महिने बाहेर असलेल्या घराचे. आणि याद्या तर बहुतेक वेळा यांच्यासाठीच काढलेल्या असतात. म्हणजे आळसाने लिहिलेली क्वेरी नेमकी त्यांनाच गाळते. त्या म्हातारीला कुणी सांगत नाही की तुझं नाव एका चिन्हामुळे गेलं. तिला सांगतात, "यादीत नाव नाही."

म्हणून जाता जाता एकच सवय सांगते, त्याला ना कोर्स लागतो ना लॅपटॉप. कुठलीही यादी काढली की बेरीज करा. होय किती, नाही किती, विचारायचे राहिले किती. तिन्हींची बेरीज मूळ फाइलमधल्या माणसांइतकी आली पाहिजे. चार शेतकरी आत गेले, तर चारच बाहेर आले पाहिजेत. एक जरी कमी-जास्त भरला, तर यादी पुढे पाठवायची नाही. आधी तो एक शोधायचा.

तुमच्यापैकी कुणी ग्रामपंचायतीत, सोसायटीत, सेतूत किंवा कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसत असेल, तर उद्या एका यादीवर हे करून बघा, आणि काय सापडलं ते मला कळवा. पुढच्या भागात एकाच माणसाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं असेल तर काय करायचं, त्यावर बोलू. तोवर राम राम!