वशिल्यापलीकडची ओळख

(सुवर्णमहोत्सवात तरुण सभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



1979 साली नोकरीच्या शोधात मी या शहरात आलो, तेव्हा माझ्या खिशात मामांनी मिळवून दिलेल्या तीन चिठ्ठ्या होत्या. दोन ठिकाणांहून मी चहा पिऊन परतलो. तिसऱ्या गृहस्थांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून बाजूला ठेवली आणि विचारले, "आपण केलेले एखादे काम दाखवाल का?" दाखविण्यासारखे माझ्याजवळ काहीच नव्हते. परमुलखात ओळख लागते, हे आपणां मंडळींना कोणी शिकवावे लागत नाही. पण ती कशी जडते, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते.

ते पुढे उमगले श्रीनिवास रामानुजन यांच्या चरित्रावरून. प्रा. हार्डी यांना त्यांनी जानेवारी 1913 मध्ये लिहिलेले पत्र सर्वश्रुत आहे. त्यामागची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. गुत्तीचे डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांनी 1906 च्या नाताळात काही गणितप्रेमी स्नेह्यांना पत्रे धाडली. परदेशी नियतकालिके एकेकट्याला परवडत नाहीत, तेव्हा वर्गणी काढून ती आपसांत फिरवावी, एवढीच सूचना. 1907 साली वीस सभासदांनिशी संस्था उभी राहिली. तीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी म्हणून नावारूपाला आली. तिचे ग्रंथालय पुण्याच्या फर्गसन महाविद्यालयात होते आणि तेथून अंक व ग्रंथ टपालाने सभासदांकडे जात. कोणी कोणाकडे नोकरी मागितली नव्हती. फिरत होते ते गणित.

1910 साली रामानुजन तिरुक्कोयिलूरला याच रामस्वामींकडे कारकुनी मागायला गेले, ते आपल्या वह्या घेऊन. त्या चाळल्यावर असा माणूस महसूल खात्यात गाडून टाकणे रामस्वामींना पटेना. त्यांनी त्यांना मद्रासच्या गणितज्ञ स्नेह्यांकडे पाठविले. त्यातूनच पुढे नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव भेटले आणि त्यांनी काही काळ महिना 25 रुपये खर्चाला दिले. 1911 साली सोसायटीच्या नियतकालिकात रामानुजन यांचा पहिला निबंध आला. 1 मार्च 1912 रोजी ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये 30 रुपयांवर कारकून झाले. तेथील वरिष्ठ नारायण अय्यर हेही सोसायटीचेच सभासद. संध्याकाळी दोघे पाट्या घेऊन गणिते सोडवीत बसत. साहेब आणि कारकून! असे संध्याकाळचे सोबती ज्याला मिळाले, त्याला वशिला कशाला हवा?

एक गोष्ट मात्र झाकून ठेवणे बरे नव्हे. या साखळीतील बहुतेक मंडळी तमिळ ब्राह्मण होती. वह्या अलौकिक होत्या हे खरेच. पण त्या उघडून पाहण्याइतका वेळ देणारे घर सर्वांनाच कोठे मिळत होते? आपल्या मंडळालाही हा प्रश्न टळत नाही. मराठी मुलाला आपण हौसेने जागा सुचवितो. शेजारच्या ओडिया किंवा मल्याळी मुलाची वही आपल्यापैकी किती जणांनी उघडली आहे? शिवाय, रोज भेटणाऱ्या आपल्याच माणसांना बहुधा आपल्याला ठाऊक असते तेवढेच ठाऊक असते. नवी वार्ता येते ती दूरच्या परिचिताकडून.

माझ्यापुरते सांगतो. दुसऱ्या कारखान्यातील एका मल्याळी अभियंत्याने एकदा पंपाच्या बेअरिंगविषयी विचारले. मी तीन पाने लिहून पाठविली आणि विसरून गेलो. सहा वर्षांनी माझी नोकरी सुटली, तेव्हा पहिला फोन त्यांचा आला.

म्हणून कार्यकारिणीस विनंती आहे. ग्रंथालयाची खोली महिन्यातून एक संध्याकाळ मोकळी द्यावी. तेथे कोणीही, कोणत्याही भाषेचा, आपले काम किंवा न सुटलेली अडचण मांडील. पहिल्या बैठकीला मी माझ्या हातून निकामी झालेल्या एका पंपाची हकीकत सांगेन. आराखडे मी अजून जपून ठेवले आहेत.