चकतीवरचा आकडा वाचा



आता गावोगावी हातग्राइंडर आला आहे. फाळ घासायचा, सळई कापायची, तर तो हवाच. काम झटपट होते. पण बेसावध राहिलात, तर डोळा जातो, बोट जाते.

४ इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. चकतीला किती फेरे सोसतात, तो आकडा चकतीवरच छापलेला असतो. ७ इंची चकतीवर बहुधा ८,५०० असतो. कोणी वरचे झाकण काढून ती मोठी चकती लहान यंत्राला लावतात. मग चकती फुटते. तुकडे गोळीसारखे सुटतात!

म्हणून चकतीवरचा आकडा यंत्रावरच्या आकड्याहून कमी नसावा. हे आकडे इंग्रजीत असतात. तेही शिकून घ्या. दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका, स्वतः वाचा.

चकती बदलण्याआधी पिन काढा. तडा गेलेली चकती टाकून द्या. नवी चकती मिनिटभर नुसती फिरवून बघा. समोर कोणी उभे राहू नये. डोळ्यांना चष्मा लावा. पदर, उपरणे खोचून घ्या. ठिणग्या कडब्याकडे जाऊ देऊ नका. यंत्र दोन्ही हातांनी धरा. कापताना जोर करू नका, चकती तिरपी करू नका. ती आपल्या वेगाने कापते.

घाई नको, मंडळी. चकती दुकानात मिळते, डोळा मिळत नाही.