बालगृहातील मुलांचे मन



ज्ञातीच्या वसतिगृहातील विद्यार्थी दिवाळीच्या सुटीत घरी जातो. बालगृहातील कित्येक मुलांना परतण्यास घरच नसते. अन्नवस्त्राची व शिक्षणाची सोय होते. परंतु आप्तांच्या वियोगाने मूल अबोल झाले, तर तो अबोलपणा आपण शहाणपणा समजतो. झोप न लागणे, अंथरूण ओले होणे, अकारण संताप येणे या पुष्कळदा खोड्या नसून दुःखाची लक्षणे असतात.

बाल न्याय अधिनियम, २०१५ ने अशा संस्थांतील सेवांत मानसिक उपचार व समुपदेशन यांचा समावेश केला आहे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर संस्था सोडणाऱ्यास आर्थिक साहाय्य देण्याचीही त्यात तरतूद आहे. परंतु एकट्या खोलीत मन खचल्यास त्याने हाक कोणास मारावी? २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी अहोरात्र उपलब्ध आहे. तथापि नित्याच्या ओळखीच्या माणसाची उणीव त्याने भरून निघत नाही.

म्हणून ज्ञातिबांधवांस विनंती, की सणावारी मिठाई वाटून थांबू नये. संस्थेच्या अनुमतीने एका मुलाची विचारपूस वर्षानुवर्षे, अठराव्या वर्षानंतरही करावी. येतो म्हटलेल्या दिवशी मात्र अवश्य जावे; न पाळलेले वचन त्यास पुन्हा पोरके करते.