कोंब आणि कळस

गेल्या वेळी आपण गटाच्या अंतर्गत कर्जाबद्दल बोललो होतो. व्याजाचा हिशेब कसा मांडायचा, हप्ता थकला तर काय करायचं, वगैरे. आज विषय एकदम वेगळा आहे. आज आम्ही एका चित्रकाराबद्दल बोलणार आहोत. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, हे आम्हाला माहीत आहे. तरीही बोलणार आहोत, कारण त्यांची चित्रं मोबाइलवर पाहून आमच्या गटात जी वादावादी झाली, तशी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरवरूनही झाली नव्हती.

चित्रकाराचं नाव लतीफ मोहिदिन. ते मलेशियाचे. मलेशिया म्हणजे बंगालच्या उपसागराच्या पलीकडे, थायलंडच्या खाली आणि सिंगापूरच्या वर. आपल्या किराणा दुकानातलं पामतेल बरंचसं इंडोनेशिया आणि मलेशियातूनच येतं, तेव्हा तो देश आपल्याला अगदीच परका नाही. भाषेतही ओळखीचे शब्द भेटतात. जमिनीला ते ‘बुमी’ म्हणतात, रंगाला ‘वार्ना’, आणि खुद्द भाषेला ‘बाहासा’. आपली भूमी, वर्ण आणि भाषा जुन्या काळी व्यापाऱ्यांबरोबर आणि पंडितांबरोबर समुद्र ओलांडून तिकडे गेली, ती तिथेच नांदली.

लतीफ यांचा जन्म १९४१ सालचा, लेंगेंग नावाच्या गावातला. हे गाव ‘नेगेरी सेम्बिलान’ या राज्यात येतं. नेगेरी म्हणजे आपली नगरी, आणि सेम्बिलान म्हणजे नऊ. या राज्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. इथले बरेच लोक फार पूर्वी सुमात्रा बेटावरून आलेले, मिनांगकाबाऊ समाजाचे. धर्माने मुसलमान, पण त्यांची एक जुनी रीत आहे. कुळाची शेतजमीन आईकडून लेकीकडे जाते. वडिलोपार्जित हा आपला शब्दच तिथे जुन्या रीतीत बसायचा नाही. आपल्याकडे २००५ सालापासून मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क कायद्याने आहे, आणि हक्कसोडपत्रावर सही करायला तालुक्याला जाणारीही तीच आहे. असो, तो विषय निघाला की आमच्या बैठकीत रात्र होते.

जमीन आणि घर बाईचं, म्हणून त्या समाजातल्या पुरुषांनी तरुणपणी गाव सोडायचं, मुलूख फिरायचा, काही शिकून, काही कमवून यायचं, अशी तिथली पद्धत. तिला ‘मेरांताऊ’ म्हणतात. लतीफ यांचं सगळं आयुष्य म्हणजे हे मेरांताऊ आहे, असं त्यांच्यावर लिहिणारे सांगतात. आम्हाला मात्र वाचताना वाटून गेलं, की जमीन नावावर असलेल्या तिथल्या मुलीला असं वही-पेन्सिल घेऊन चार देश फिरायला कोणी सोडलं असतं का?

लतीफ लहान असतानाच सिंगापूरला आले. दहा-अकरा वर्षांच्या वयात त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, आणि लोक त्यांना चमत्कारी मुलगा म्हणू लागले. पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि १९६० साली ते जर्मनीत, पश्चिम बर्लिनला चित्रकला शिकायला गेले. ते तिथे असतानाच १९६१ साली शहराच्या मधोमध ती प्रसिद्ध भिंत उभी राहिली. चार वर्षं थंडीच्या देशात, परक्या भाषेत काढली. तिथले चित्रकार गडद रंग वापरायचे, जाड काळ्या रेघा ओढायचे, जे दिसतं त्यापेक्षा जे आत खदखदतं ते रंगवायचे. लतीफ यांनी हात त्यांच्याकडून घेतला. पण काढायचं काय, ते त्यांना घरच्या मातीत सापडलं.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

पॅगोडा आपण पाहिलेला असतो, निदान फोटोत. बौद्ध धर्मस्थळाची ती उंच, निमुळती होत जाणारी इमारत. या पॅगोडावरून लतीफ यांनी एक शब्द बनवला, ‘पागो-पागो’. मलय भाषेत शब्द दोनदा म्हटला की तो अनेकवचनी होतो. अनाक म्हणजे मूल, अनाक-अनाक म्हणजे मुलं. तसंच हे पागो-पागो. १९६४ साली ते परतले आणि थायलंड, लाओस, कंबोडिया, इंडोनेशिया असे फिरत राहिले. जाताना वाटेत देवळं दिसली, पॅगोडे दिसले, नदीकाठचं रान दिसलं. त्या भागात तेव्हा व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं होतं. त्या प्रवासात त्यांनी कविताही लिहिल्या. मेकाँग नदीवरून नाव घेतलेला त्यांचा कवितासंग्रह १९७२ साली निघाला. तिकडे कवी म्हणूनही त्यांना तेवढाच मान आहे.

पागो-पागोच्या चित्रात काय असतं, ते सांगायचा प्रयत्न करतो. बहुतेक वेळा मधोमध एकच आकार उभा असतो. बुंध्याशी रुंद, वर टोकदार. त्याला एकावर एक पाती असतात, जशी केळीच्या कोक्याला असतात किंवा कणसाला असतात. मधे कुठे पोकळी, कुठे काट्यासारखं टोक. रंग मातीचे, विटकरी, शेवाळी, काळपट. कडा जाड. पाहताना आधी वाटतं, हा पॅगोडा आहे. जरा वेळाने वाटतं, नाही, हा तर बांबूचा कोंब. मग शिंपला वाटतो, होडीचं टोक वाटतं. नक्की काय ते चित्र सांगतच नाही.

आमच्या बैठकीत ही चित्रं पाहून पहिला शेरा आला, “हे काय गं, करपलेलं कणीस?” सगळ्या हसल्या. एकीला ते चुलीतल्या लाकडासारखं दिसलं. एक म्हणाली, मोठ्या चित्रकाराने काढलं म्हणून चांगलं म्हणायचं का? प्रश्न रास्त होता. मोठ्या नावाला माना डोलावण्यापेक्षा तो बरा. मग मागे बसलेल्या एका आजींनी मोबाइल हातात घेतला. आजी बुरूडकाम करणाऱ्या घरातल्या. सूप, टोपल्या, डालगी विणण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी स्क्रीन डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाल्या, “हा पहिल्या पावसानंतरचा कोंब आहे. बेटातून असाच वर येतो, पानं अंगाला घट्ट गुंडाळून. याला हात लावला तर कुसं लागतात.”

बांबूच्या कोंबाला खरंच बारीक कुसळं असतात. जंगलपट्ट्यातल्या ज्या मैत्रिणी कोंबांची भाजी करतात त्यांना हे ठाऊक आहे. मलेशियातही कोंब खातात. तिकडे त्याला ‘रेबुंग’ म्हणतात. आणि गंमत पुढे आहे. तिथल्या बायकांच्या सारोंगवर, म्हणजे लुंगीसारख्या नेसायच्या वस्त्रावर, उभ्या त्रिकोणांची एक ओळ असते. त्या नक्षीचं नाव ‘पुचुक रेबुंग’, म्हणजे कोंबाचं टोक. केलांतान आणि तेरेंगानू भागातल्या विणकर बायका जरीच्या कापडात पिढ्यान्‌पिढ्या ही नक्षी विणत आल्या आहेत. आपल्या करवतकाठी लुगड्याचे दाते आठवा, साधारण तसे त्रिकोण, फक्त मोठे आणि उंच. म्हणजे चित्रकाराने रंगवण्याच्या कितीतरी आधी हा कोंब बायकांनी मागावर उतरवला होता. त्याखाली कुणाची सही नाही, एवढंच.

पण लतीफ यांनी जे केलं तेही सोपं नव्हतं. त्यांनी कोंब आणि पॅगोडा एकाच आकारात आणून उभे केले. एक जमिनीतून आपोआप उगवतो, दुसरा माणूस भक्तीने बांधतो. दोन्ही खाली रुंद, वर निमुळते, दोन्ही वरच निघालेले. चित्रात कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो, ते कळत नाही. मग प्रश्न पडतो, देऊळ बांधणाऱ्याने शिखराचा आकार कुठून घेतला असेल? आपण कळसाकडे पाहून हात जोडतो. कोंबाकडे पाहून जोडतो का?

यावर आमच्यातली एक लगेच म्हणाली, जोडतो की. घटस्थापनेला काय करतो? तिचं बरोबर होतं. नवरात्रात आपण मातीत धान्य पेरतो, नऊ दिवस पाणी घालतो आणि उगवलेल्या हिरव्या-पिवळ्या तुऱ्यांचीच तर पूजा करतो. दसऱ्याला ते तुरे देवाला वाहतो, टोपीत खोवतो. तिथे मूर्तीइतकाच त्या उगवण्याला मान असतो. लतीफ यांच्या चित्रांना लोक आध्यात्मिक म्हणतात, ते आम्हाला या वाटेने समजलं. त्यात देव दाखवलेला नाही, अल्लाचं नाव लिहिलेलं नाही, बुद्धाची मूर्ती नाही. मुसलमान घरातला हा माणूस बौद्धांच्या पॅगोड्यापुढे थांबला, त्यातला वर जाणारा जोर त्याने पाहिला आणि तोच जोर झाडात पाहिला. ज्वारीचा एवढासा मोड अख्खं ढेकूळ उचलून बाजूला सारतो, ते आपण दरवर्षी पाहतो. तो जोर रंगवता येतो, हे मात्र आम्हाला नवीन होतं.

पुढची कामं थोडक्यात सांगतो. १९७४ साली क्वालालंपूरला चित्रकार, कवी आणि नाटकवाले एकत्र आले आणि त्यांनी ‘अनाक आलाम’ नावाचा गट काढला. त्यात लतीफ होते. अनाक आलाम म्हणजे निसर्गाची लेकरं. आलाम हा मूळ अरबी शब्द, आपण ‘आलम दुनिया’ म्हणतो तोच. गट म्हटल्यावर आम्हाला आपलेपणा वाटला, पण त्यांच्याकडे बहुधा मासिक हप्ता नसावा. १९८५ नंतर त्यांनी ‘गेलोंबांग’, म्हणजे लाट, या नावाची चित्रं काढली. त्यात उभा कोंब गेला आणि रंगाचे मोठे फटकारे आले, वळसे घेणारे, ओघळणारे. पुढे ‘रिंबा’ आलं. रिंबा म्हणजे घनदाट रान. २०१८ साली पॅरिसच्या पाँपिदू सेंटर या मोठ्या संग्रहालयात पागो-पागोचं स्वतंत्र प्रदर्शन झालं. आम्हाला विचाराल तर लाटांपेक्षा कोंबच आवडले. लाटा कदाचित समुद्राकाठच्या मैत्रिणींना जास्त कळतील.

आता हे सगळं आम्ही बचत गटाच्या कार्यक्रमात का सांगतोय?

आमचा गट कापडी पिशव्या रंगवतो. एका शहरातल्या खरेदीदाराकडून मागणी येते आणि बरोबर नमुना येतो. नमुन्यात झोपडी, नारळाचं झाड, डोक्यावर घडा घेतलेली बाई. आमच्या गावात घरोघर नळ आहे आणि नारळाचं एकही झाड नाही. पण पैसे मिळतात म्हणून आम्ही घडेवाली काढतो. त्याची लाज नाही, त्यातून दोघींच्या मुलींची कॉलेजची फी भरली गेली आहे. पण त्या बैठकीनंतर आम्ही एक करून पाहिलं. सगळ्यांना कोरे कागद दिले आणि सांगितलं, गावातलं काहीही काढा. बावीस जणी होत्या. त्यातल्या सतरा जणींनी दोन डोंगर, मधे उगवता सूर्य आणि खाली वाकडी नदी काढली. आमच्या तालुक्यात डोंगर नाही! शाळेत तिसरीत शिकवलेलं चित्र हातात इतकं बसलंय, की रोज शेतात जाणाऱ्या बायांच्या कागदावर शेत आलंच नाही.

दुसऱ्या आठवड्यात नियम बदलला. येताना प्रत्येकीने उगवणारं काहीतरी घेऊन यायचं, समोर ठेवायचं आणि पंधरा मिनिटं नुसतं बघायचं. हात मांडीवर, बोलायचं नाही. पंधरा मिनिटं काही न करता बसणं आपल्याला किती जड जातं, ते करून बघा. दोघी चुळबुळत राहिल्या, एकीने गुपचूप लसूण सोलायला घेतला. त्यानंतर पेन्सिल दिली.

मटकीचे मोड आले. आल्याचा डोळा आला. फुटवा आलेला उसाचा तुकडा आला. आजींनी बांबूचा कोंब काढला, तोही पानं गुंडाळलेला, आणि प्रत्येक पानाच्या कडेला कुसं दाखवली. रेघ थरथरत होती, पण एकही पान जागा सोडून नव्हतं. मटकी काढणारी मैत्रीण म्हणाली, एवढी वर्षं मोड काढते, पण मोड नेहमी दाण्याच्या एका ठरावीक जागेतूनच फुटतो, हे आज पाहिलं.

आजींचा कोंब आणि तो मटकीचा मोड आम्ही दहा पिशव्यांवर रंगवला आणि नेहमीच्या मालाबरोबर पाठवला. खरेदीदाराचा फोन आला, की हे गावातलं वाटत नाही, पुढच्या वेळी झोपडीच पाठवा. दहापैकी सहा परत आल्या. त्या आम्ही आठवडी बाजारात ठेवल्या, चार विकल्या गेल्या, त्यातल्या दोन एका बियाणं विकणाऱ्याने घेतल्या. नफा किती झाला ते हिशेबवहीत आहे, फार नाही. झोपडीची ऑर्डर चालू आहे, आणि महिन्यातली एक बैठक कोंबांसाठी राखून ठेवायची, असा ठराव आमच्या गटात झाला. तेरा विरुद्ध नऊ. ज्या नऊ जणी विरोधात होत्या त्यांचं म्हणणं असं, की त्या वेळात दोन डझन पिशव्या होतात. ते खोटं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा मत घ्यायचं ठरलं आहे.

ज्या गटांना करून पाहायचं असेल त्यांनी बैठकीला साधा कागद, शिसपेन्सिल आणि मोड आलेलं काहीही घेऊन बसावं. लतीफ मोहिदिन हे नाव मोबाइलवर बोलून शोधलं तर पागो-पागोची चित्रं दिसतात. तुम्हाला त्यात काय दिसलं, ते केंद्रावर फोन करून किंवा पोस्टकार्डाने कळवा. करपलेलं कणीस दिसलं तरी कळवा. पुढच्या बुधवारी याच वेळी शेळीपालनाच्या विम्याबद्दल बोलू. नमस्कार.